कुणाला चोरून?

माझ्या मोठ्या नणंदबाईंना मी वन्सं म्हणते. आता असं कुणी म्हणत नाही, माझ्या सुनेला तर हा शब्द ऐकून हसू येतं. पण लग्नानंतर सासूबाईंनी जो शब्द तोंडात बसवला तो बसला. वन्संनी सगळी नोकरी एका बस डेपोत चौकशीच्या खिडकीमागे काढली. पेणची गाडी लागली का, महाडची गेली का, पाण्याचा नळ कुठे आहे, असं लोक विचारत राहिले आणि वन्सं सांगत राहिल्या. निवृत्त होऊन मीरा रोडला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला आल्या, तेव्हापासून त्याची वसुली चालू आहे. आता वन्सं विचारतात आणि जगाने सांगायचं.

लिफ्टमध्ये विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, दवाखान्यात तर आजाऱ्याला डॉक्टरच्या आधी त्याच विचारतात. एकदा स्टेशनपासून घरापर्यंतच्या रिक्षात त्यांनी रिक्षावाल्याच्या मुलीच्या परीक्षेपासून त्याच्या आईच्या मोतीबिंदूपर्यंत सगळं काढून घेतलं, आणि उतरताना त्या माणसाने सुट्ट्या पैशांसाठी एका शब्दानेही कटकट केली नाही. मीरा रोडच्या रिक्षावाल्याकडून हे करून घेणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

मला पूर्वी हा शुद्ध भोचकपणा वाटायचा. माझा स्वभाव उलटा आहे. मला विचारायची गरज पडत नाही, मी सांगून मोकळी होते. दिसलं की बोलायचं. आमचे हे म्हणतात, ‘तुझ्या डोळ्यांत आणि जिभेत अंतरच ठेवलेलं नाही.’ म्हणोत.

तर आमच्या घरापासून चालत जाता येईल असं एक मोठं मार्ट आहे. दोन मजली, आत गारेगार, आणि दारातच आपल्या पिशवीला प्लास्टिकची पट्टी बांधून ती बंद करून टाकणारं. ही पट्टी बांधून घेताना मला दर वेळी आपण चोर आहोत असं वाटतं आणि दर वेळी मी तसं तिथल्या सिक्युरिटीवाल्याला ऐकवते. पन्नाशीचा, मिशीवाला, शांत माणूस आहे. ‘रूल है आंटी’ एवढंच म्हणतो आणि पट्टी ओढतो. आमची दोघांची चांगली ओळख झालेली आहे ती या भांडणातूनच.

अशा दुकानात चोऱ्या होणारच. पूर्वी वाण्याच्या दुकानात आपण फळीच्या अलीकडे आणि माल पलीकडे, मध्ये स्वतः वाणी. चोरायचं म्हटलं तरी काय चोरणार, त्याचा तराजू? इथे सगळं उघडं, हाताशी, आणि वर गाणी लावून ठेवलेली. एकदा एक चांगलं खातंपितं जोडपं कपाटाच्या आडोशाला उभं राहून महागाच्या बिस्किटांचा पुडा संपवताना मी पाहिलं. रिकामा पुडा त्यांनी कपडे धुण्याच्या पावडरीमागे खुपसला. मी मोठ्याने बोलले. त्यावर नवरा म्हणाला, ‘तुमच्या बापाचं दुकान आहे का?’ मी म्हटलं, ‘नाही, म्हणून तर बोलतेय. बापाचं असतं तर ताटात वाढून दिलं असतं.’ या उत्तरावर मी अजून खूश आहे.

आमच्या ह्यांचं मत अर्थातच वेगळं. ‘कॅमेरे लावलेत ना त्यांनी? मग कॅमेऱ्यांना बघू दे. तू कशाला?’ मला हे पटत नाही. कॅमेऱ्याला काय कळतं? आणि आपल्या देखत कुणी उचलतोय आणि आपण डाळींचे भाव वाचत उभं राहायचं, हे माझ्याच्याने होत नाही. वन्संना विचारलं तर त्या दोघांपैकी कुणाचीच बाजू घेत नाहीत. बिस्किटांच्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, ‘बोललीस ते बरं केलंस. पण घरी सोडून इथे का खातायत ते नाही विचारलंस.’ मी म्हटलं, ‘ते विचारून काय करायचंय?’ तर म्हणाल्या, ‘ते विचारल्यावर कळतं.’ अशा माणसाशी काय वाद घालणार!

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी दाणे आणायला गेलो होतो. दुपारी मार्टला गर्दी नसते. मी दाण्यांचं पाकीट दाबून आतून खवट वास येतो का ते बघत होते, वन्सं त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला जरा आराम म्हणून ट्रॉलीवर रेलून उभ्या होत्या. तेव्हा ती मला दिसली.

साठीच्या पुढची असावी. घोट्याच्या वर नेसलेलं लुगडं, कपाळभर कुंकू, दोन्ही हातांत गच्च हिरव्या बांगड्या. भाईंदर पश्चिमेच्या जुन्या गावांतल्या बायका अशा असतात. आमच्यासारखे रत्नागिरी-रायगडकडचे लोक इथे भाड्याच्या खोल्यांत आले नि मग राहिले, या मूळच्या. या इमारतींच्या जागी शेतं आणि मिठागरं होती तेव्हापासूनच्या. तिच्या पलीकडच्या रांगेत, तेलाच्या डब्यांपाशी, तिशीतला एक धडधाकट माणूस भरलेली ट्रॉली घेऊन उभा होता. ‘आये, शेंगदान्याचा घेऊ का सोयाबीनचा?’ असं त्याने तिथूनच ओरडून विचारलं, म्हणून तो तिचा मुलगा हे कळलं.

‘घे तुला कंचा पायजे तो,’ ती म्हणाली, आणि असं म्हणता म्हणता तिने समोरच्या फळीवरची एक पुडी उचलून लुगड्याच्या ओच्यात टाकली. मग दुसरी. मग तिसरी. मग पदर पुढे ओढून घेतला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. उजवीकडे मी होते, पण मी दाण्यांत डोकं घातलेलं होतं. मला ते छान जमतं.

‘वन्सं, चोरी,’ मी हळूच म्हटलं.

‘कुठे?’

‘ती लुगडंवाली. ओच्यात घातलंन. तीन पुड्या.’

‘काय घेतलंन?’

‘काय घेतलं त्याने काय फरक पडतो? चोरी ती चोरी.’

वन्संनी मान लांब करून त्या फळीकडे पाहिलं. ‘तिथे डिंक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘खारीक आहे. त्या टोकाला अळीव. अगं, बाळंतिणीचं सामान कोण चोरतं?’

‘जिच्या घरी बाळंतीण आहे ती चोरते!’ मला त्यांच्या या शांतपणाचा भारी राग येतो. ‘मी त्या सिक्युरिटीवाल्याला सांगते.’

‘थांब. मी विचारते.’

‘वन्सं, चोराला कुणी विचारतं का?’

पण त्या निघाल्यासुद्धा. गुडघा सांभाळत, एकेक फळी धरत. आता मी मुळात बरोबर होते हे मला आजही वाटतं. मी जे पाहिलं ते तसंच दिसत होतं, दुसऱ्या कुणालाही तसंच दिसलं असतं. म्हणून मी दाराकडे पाहून हात वर केला आणि सिक्युरिटीवाल्याला बोटांनी ‘ये’ अशी खूण केली. मग वन्संच्या मागोमाग गेले.

वन्सं तिच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या होत्या, जणू दोघी मिळूनच बाजाराला आल्या होत्या. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. ‘काय हो, अळीव कुठलं चांगलं?’ त्यांनी विचारलं. ‘तुम्ही घेतलंत ते का?’

त्या बाईचा चेहरा खर्रकन उतरला. तिने पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि एकदा मुलाच्या दिशेला पाहिलं. मग वन्संना म्हणाली, ‘चोरून घेतलाय गो बाय. वरडू नको.’

‘बघा!’ मी म्हटलं. ‘कबूलच केलंन.’

पण वन्संनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी तिला विचारलं, ‘कुणाला चोरून?’

मी आयुष्यभर मराठी बोलतेय. आईला चोरून चिंचा खाल्ल्या, सासूला चोरून माहेरी फोन केले. शब्द माझ्याही तोंडातला, पण त्या वेळी मला त्यात चोरीशिवाय काही ऐकू आलं नाही. वन्संना ऐकू आलं. समोरची बाई ‘चोरून’ म्हणाली तर ‘कुणाचं’ असं न विचारता ‘कुणाला’ असं विचारायचं, हे त्यांना कसं सुचलं असेल? मी त्या क्षणी त्यांचे पाय धरले नाहीत ते केवळ मार्ट होतं म्हणून.

‘पोराला,’ ती बाई म्हणाली. ‘आन् घरधन्याला.’ मग तिच्या तोंडून सगळं भराभर बाहेर पडलं. ती मोरव्याची, तिकडच्याच एका जुन्या गावातली. पोरीने आपल्या मनाने लग्न केलं, ती इथेच मीरा रोडच्या नया नगरात राहते. बापाने सांगून टाकलंय की तिचं नाव घरात काढायचं नाही. भाऊ बापाच्या शब्दाबाहेर नाही. पोर आता बाळंत झालीय. तिच्याजवळ मोठं माणूस कुणी नाही. ही देवळात जाते म्हणून निघते आणि तिच्याकडे जाऊन येते. डिंक-अळिवाचे लाडू शेजारणीकडे वळून ठेवणार होती. पण बाजाराला मुलगा गाडीतून आणतो, सामान तोच उचलतो आणि बिलही तोच वाचतो. ‘तो गाडी काढायला खाली गेला का मी दुसऱ्या काउंटरवर जाऊन पैसं देते. मागल्या खेपंला तूप असाच नेला.’ तिने पदराच्या टोकाची गाठ दाखवली, नोटांनी टम्म झालेली. ‘त्याना कललं तं मना घराभायेर सोडनार न्हायत. मंग पोरीला कोन बघंल?’

हे सगळं ऐकत मी उभी होते आणि मागून बुटांचा आवाज आला. मी बोलावलेला माणूस आला होता.

‘क्या हुआ आंटी?’ त्याने मला विचारलं.

‘काही नाही. कुछ नहीं भैया, आप जाओ,’ मी म्हटलं. पण हात वर करून बोलावलेला सिक्युरिटीवाला असा जात नसतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं आणि मग त्या बाईच्या पोटाशी फुगलेल्या पदराकडे पाहिलं. ‘माताजी, वो क्या है?’

ती घाबरली होती. आणि घाबरलेल्या मराठी माणसाचं हिंदी कसं होतं ते सांगायला नको. ‘भैया, गुस्सा नको करू,’ ती म्हणाली. ‘मैं चोरके लिया. पन पैसा देनेवाली हाय.’

‘चोरके लिया?’

‘हां, चोरके. चोरके.’ आपण जितक्या वेळा सांगू तितकं त्याला पटेल असं तिला वाटत होतं.

मी मध्ये पडले. ‘भैया, चोरके मतलब चोरी नहीं. हमारे में चोरके मतलब छुपाके.’

‘छुपाके ही तो चोरी होती है, आंटी,’ तो म्हणाला.

एव्हाना आजूबाजूला लोक जमले होते. दुपारी गर्दी नसते म्हटलं ना, पण चोर सापडला की कुठून येतात कोण जाणे. एका मुलीने मोबाइल वर धरला. ‘तो खाली कर आधी,’ मी तिच्यावर अशी ओरडले की तिने तो पर्सच्या आतच टाकला. निदान तेवढं तरी माझ्या हातून झालं.

आणि मग तेलाचा डबा ट्रॉलीत ठेवून, ती ढकलत तो मुलगा आला. ‘ओ भाई, आईको कायको रोका?’

‘माताजी ने सामान छुपाया है,’ सिक्युरिटीवाला म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, हे सांगायला हवं. ‘खुद बोल रही है, चोरके लिया.’

मुलाचा चेहरा रागाने लाल झाला. ‘किसको चोर बोलता है? ये पूरा जमीन हमारे आजाका था, मीठ पिकता था इधर. मेरी आई तेरे दुकान में चोरी करेगी?’

आता एक वाक्य बोललं असतं तर सगळं मिटलं असतं. छुपाके, पण दुकानापासून नाही, याच्यापासून. ते वाक्य माझ्या जिभेवर आलेलं होतं. आणि तेच नेमकं बोलता येत नव्हतं, कारण ज्याला चोरून घेतलं तो समोर उभा होता. वन्संनी तोंड उघडलं. त्या काय बोलणार होत्या हे त्यांनी मला पुढेही कधी सांगितलं नाही. त्या बाईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि त्यांना थांबवलं.

मग ती सिक्युरिटीवाल्याकडे वळली. मघाची भीती कुठल्या कुठे गेली होती. मान ताठ, कुंकवाखालचे डोळे सरळ त्याच्या डोळ्यांत. ‘चोरी किया,’ ती म्हणाली. ‘मैंने चोरी किया.’ आणि मुलाकडे वळून मराठीत पुन्हा, ‘चोरी केली मी. त्याला नको बोलू.’

मी अनेक माणसं खोटं बोलताना पाहिली आहेत. स्वतःला वाचवायला बोलतात, दुसऱ्याला अडकवायला बोलतात. पण ज्या जमिनीवर आपल्या घराण्याचं मीठ पिकलं त्याच जमिनीवर, वीस माणसांच्या देखत, पोटच्या मुलासमोर, न केलेली चोरी अंगावर घेणारी बाई मी पहिल्यांदा पाहत होते. पोरीकडे जाण्याची एक वाट उघडी राहावी म्हणून तिने स्वतःचं नाव फेकून दिलं, आणि ते फेकताना तिचा आवाजसुद्धा हलला नाही. माझे डोळे भरून आले. वन्संचे तर केव्हाच वाहायला लागले होते.

तिने ओच्यात हात घातला. एकेक पुडी काढून ट्रॉलीतल्या तांदळाच्या पिशवीवर ठेवली. डिंक, खारीक, अळीव. ‘घ्या तुमचं सामान,’ ती म्हणाली.

मुलाने अळिवाची पुडी उचलली. ट्रॉलीत लहान मुलांची बिस्किटं होती, खेळण्यातली एक मोटार होती. म्हणजे त्याच्या घरातही दोन-चार वर्षांपूर्वी बाळंतपण झालं असणार, आणि असल्या पुड्या त्याने स्वतः आणून आईच्या हातात दिल्या असणार. आता त्याच्या घरी बाळंतीण नव्हती. त्याने पुडी उलटीसुलटी करून पाहिली, खाली ठेवली. डिंकाची उचलली. तीही ठेवली. आईकडे त्याने किती तरी वेळ पाहिलं नाही. ती मात्र त्याच्याकडेच बघत होती आणि तिची मघाची ताठ मान हळूहळू खाली येत होती, कारण आपलं खोटं टिकलं नाही हे तिला आमच्या आधी कळलं होतं.

‘काय झालं?’ त्याने विचारलं.

आवाज इतका खाली गेला होता की सिक्युरिटीवाल्याला वाटलं, आपल्यालाच विचारलं. ‘अरे भाईसाब, वही तो बता रहा हूं, आपकी माताजी ने...’

‘पोरगी,’ ती म्हणाली.

मुलाने मान हलवली. पुन्हा हलवली. हाताच्या पालथ्या मुठीने नाक पुसलं. मग त्याने ट्रॉलीला दोन्ही हात लावले आणि ती काउंटरकडे न नेता उलटी फिरवून परत त्याच फळीकडे घेतली. ‘बदाम न्हाय घेतलेस?’ त्याने आईला विचारलं. ती त्याच्यामागून चालू लागली. वन्संही त्यांच्यामागे गेल्या. बदाम कुठे ठेवलेत ते त्या त्याला दाखवत होत्या आणि बाळ-बाळंतिणीचं आणखी काय काय विचारत होत्या, आणि या वेळी मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं.

लोक पांगले. सिक्युरिटीवाला मात्र तिथेच उभा होता. त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं, ना चोर ना माल. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळला. ‘आंटी, आपने बुलाया था,’ तो म्हणाला. ‘अब बताओ, चोरी हुई कि नहीं हुई?’

‘लडकी हुई, भैया,’ मी म्हटलं.